एक्सेलचा मेनू पुन्हा पुन्हा बिघडतोय? आधी कुठली फाइल ते ओळखा

उजवा क्लिक केला की मेनूत एकच नोंद पाच-सहा वेळा दिसते. रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या रुंद पट्ट्यावर, खपून बनवलेला टॅब सोमवारी सकाळी जागेवर नसतो. वरच्या छोट्या पट्टीतलं मॅक्रोचं, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, बटण दाबलं की भलतंच वर्कबुक उघडतं. या तिन्ही तक्रारींवर सहसा एकच सल्ला मिळतो: ऑफिस रिपेअर करा, नाहीतर काढून पुन्हा टाका. त्यात अर्धा दिवस जातो आणि तक्रार बहुतेक वेळा तशीच राहते. मेनूतले आपले बदल ऑफिसच्या प्रोग्राम फाइलींमध्ये नसतातच. ते वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये वेगळ्या छोट्या फाइलींत असतात. ऑफिस काढलं तरी त्या तिथेच राहतात आणि नव्याने टाकलेलं ऑफिस त्याच उचलतं.

अडचण अशी की ही फाइल एक नाही. मेनूचा कुठला भाग बिघडला त्यावर कुठली फाइल बघायची ते ठरतं. चुकीची फाइल उडवली तर तक्रार तशीच राहते आणि चांगले चाललेले बदल मात्र जातात. आणि बरोबर फाइल उडवूनही त्रास परत येत असेल तर त्या फाइलीत कोणीतरी पुन्हा लिहितंय. तो लिहिणारा सापडेपर्यंत काम संपत नाही.

पुढचं सगळं विंडोजवरच्या एक्सेल 2010 पासून मायक्रोसॉफ्ट 365 पर्यंतच्या आवृत्त्यांना लागू आहे. वर्ड, आउटलुक आणि लिब्रेऑफिसचं शेवटी. फाइलींची, फोल्डरांची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, मशीनवर ती इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची.

कुठली गोष्ट कुठे साठते

रिबनवर आपण बनवलेले टॅब आणि गट, तसंच क्विक ॲक्सेस टूलबार म्हणजे वरच्या छोट्या पट्टीतली बटणं, हे सगळं एक्सेल.ऑफिसयूआय या फाइलीत असतं. तिची जागा:

%लोकलॲपडेटा%\मायक्रोसॉफ्ट\ऑफिस

हा पत्ता एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये तसाच टाकून एंटर दाबा. ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो, पण असा पत्ता टाकला की थेट उघडतो. फाइलीचं एक्स्टेन्शन म्हणजे ऑफिस या शब्दाला जोडून यू आणि आय. ती साध्या मजकुरातली एक्सएमएल फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. ऑफिस 2007 मध्ये रिबन बदलता येत नव्हतं, फक्त वरची पट्टी बदलता यायची, आणि ती याच फोल्डरमध्ये एक्सेल.क्यूएटी नावाने साठायची. जुन्या मशीनवर ती अजून पडलेली दिसली तर तिच्याकडे लक्ष देऊ नका.

उजव्या क्लिकच्या मेनूत मॅक्रोने घातलेल्या नोंदी आणि ॲड-इन्स नावाच्या टॅबवर साचलेली जुन्या पद्धतीची बटणं यांची फाइल वेगळी. तिचं एक्स्टेन्शन एक्सएलबी. जागा:

%ॲपडेटा%\मायक्रोसॉफ्ट\एक्सेल

हा रोमिंग फोल्डर, वरचा लोकल. दोन्हींची गल्लत इथेच होते. फाइलीच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो: 2003 ची एक्सेल11.एक्सएलबी, 2007 ची एक्सेल12, 2010 ची एक्सेल14, आणि 2013 पासून पुढे सगळ्यांची एक्सेल15.एक्सएलबी. 2016, 2019 किंवा 365 असेल तरी 16 आकड्याची फाइल शोधत बसू नका, 15 चीच चालू असते. ही फाइल बायनरी आहे, नोटपॅडमध्ये उघडून काही कळत नाही. ऑफिसयूआय फाइलीच्या नावात मात्र आकडा नसतो. त्यामुळे एकाच मशीनवर एक्सेल 2010 आणि 2016 दोन्ही असतील तर दोघं एकच फाइल वापरतात.

तिसरी जागा म्हणजे खुद्द वर्कबुक. फाइल > ऑप्शन्स > क्विक ॲक्सेस टूलबार इथे उजवीकडे वर एक ड्रॉपडाउन असतो. त्यात सर्व डॉक्युमेंट्ससाठी असं न राहता चुकून उघड्या वर्कबुकचं नाव निवडलं गेलं, तर पट्टीतली बटणं त्या वर्कबुकच्या पोटात जाऊन बसतात. मग ते वर्कबुक उघडलं की बटणं येतात, बंद केलं की जातात. पट्टी कधी दिसते, कधी नाही, या तक्रारीचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. ड्रॉपडाउनमध्ये वर्कबुक निवडून बटणं काढा, मग सर्व डॉक्युमेंट्स निवडून पुन्हा घाला.

एखाद्या ॲड-इनने, म्हणजे एक्सेलला जोडलेल्या जास्तीच्या प्रोग्रामने, स्वतःचा टॅब आणला असेल तर तो ॲड-इनच्या आतल्या एक्सएमएलमधून येतो. वरची कुठलीही फाइल उडवून तो जाणार नाही आणि गेलेला परतही येणार नाही. असा टॅब गायब झाला तर फाइल > ऑप्शन्स > ॲड-इन्स इथे खाली मॅनेजच्या यादीत डिसेबल्ड आयटम्स निवडून गो दाबा. एक्सेल क्रॅश झाल्यावर ॲड-इन तिकडे टाकला जातो.

फाइलीला हात लावण्याआधी

काही तक्रारी फाइलीच्या नसतातच. रिबनवर फक्त टॅबची नावं उरली असतील तर कंट्रोल एफ1 दाबा, रिबन दुमडलेलं असतं. नावंही दिसत नसतील तर कंट्रोल शिफ्ट एफ1. 2021 च्या शेवटी आलेल्या नव्या रूपात क्विक ॲक्सेस टूलबार मुळातच लपवलेला असतो. रिबनवर उजवा क्लिक करून शो क्विक ॲक्सेस टूलबार निवडला की जुनी बटणं जशीच्या तशी दिसतात.

मग एक्सप्लोररमध्ये %यूजरप्रोफाइल% टाकून बघा. उघडलेला फोल्डर सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये टेम्प नावाचा निघाला, तर विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल दिलंय. तिथे केलेला कुठलाही बदल लॉग ऑफ झाल्यावर जातो. हे विंडोजच्या प्रोफाइलचं दुखणं आहे, ते आधी दुरुस्त करून घ्या, एक्सेलमध्ये काही करू नका.

यानंतर सेफ मोड. विंडोजचं बटण आणि आर दाबून रन उघडा आणि टाइप करा: एक्सेल /सेफ. या मोडमध्ये एक्सेल ॲड-इन्स आणि एक्सएलस्टार्ट फोल्डरमधल्या, म्हणजे एरवी एक्सेलबरोबर आपोआप उघडणाऱ्या, फाइली उघडत नाही, मेनूतले बदल वाचत नाही आणि केलेले बदल साठवतही नाही. सेफ मोडमध्ये मेनू स्वच्छ असेल तर बिघाड प्रोफाइलमधल्या फाइलीत किंवा ॲड-इनमध्ये आहे. तिथेही तसाच असेल तर तुम्ही उघडलेल्या वर्कबुकमध्ये बघा. आणि एक सावधगिरी: काही जणांच्या डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये हा सेफचा स्विच कधीतरी जोडलेला असतो आणि तसाच राहून जातो. मग कुठलाही बदल टिकत नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटची ओळ शेवटपर्यंत वाचा.

शेवटी टास्क मॅनेजर. सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी डिटेल्स टॅबमध्ये एक्सेल.ईएक्सई उरलेलं असू शकतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलला रिपोर्ट एक्सपोर्ट करताना पडद्यामागे उघडलेलं एक्सेल असं मागे राहतं. एक्सएलबी फाइल एक्सेल बंद होताना लिहिली जाते. म्हणजे तुम्ही फाइल बाजूला केली आणि हे मागे राहिलेलं एक्सेल नंतर बंद झालं, तर त्याच्या डोक्यातला जुना बिघडलेला मेनू नव्या फाइलीत पुन्हा उतरतो. फाइल उडवली तरी फरक पडला नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही पायरी गाळलेली असते.

उजव्या क्लिकमध्ये त्याच नोंदी पुन्हा पुन्हा

या तक्रारीला वेळ द्यायला हवा, कारण ती सगळ्यात जास्त परत येते.

मॅक्रो उजव्या क्लिकच्या मेनूत नोंद घालतो तेव्हा कंट्रोल्स.ॲड ही आज्ञा वापरतो. त्या आज्ञेला टेम्पररी नावाचा एक पर्याय असतो. तो ट्रू दिला तर एक्सेल बंद होताना नोंद आपोआप जाते. दिलाच नाही तर तो फॉल्स धरला जातो आणि नोंद एक्सएलबी फाइलीत कायमची लिहिली जाते. दुसऱ्या दिवशी एक्सेल ती फाइल वाचतो, कालची नोंद दाखवतो, आणि वर्कबुक उघडल्यावर मॅक्रो आणखी एक घालतो. रोज एक वाढते. काही आठवड्यांनी मेनू पडद्याच्या बाहेर जातो, फाइल फुगते आणि एक्सेल उघडायला वेळ लागू लागतो.

आधी वाढ कशी होते ते बघा. एक्सेल नुसतं उघडलं तरी एक नोंद वाढत असेल तर गुन्हेगार सुरुवातीलाच चालणारा ॲड-इन किंवा पर्सनल.एक्सएलएसबी, म्हणजे आपले मॅक्रो ठेवायचं लपलेलं वर्कबुक. ठरावीक वर्कबुक उघडल्यावरच वाढत असेल तर त्याच वर्कबुकमधला मॅक्रो. नावावरून कळत नसेल तर ऑल्ट एफ11 ने व्हीबीए एडिटर, म्हणजे मॅक्रो लिहायची खिडकी, उघडा, कंट्रोल जी ने इमिजिएट विंडो आणा आणि ही ओळ टाकून एंटर दाबा:

फॉर ईच सी इन ॲप्लिकेशन.कमांडबार्स("सेल").कंट्रोल्स: डीबग.प्रिंट सी.कॅप्शन, सी.बिल्टइन, सी.ऑनॲक्शन: नेक्स्ट

प्रत्येक नोंदीसमोर ती एक्सेलची स्वतःची आहे का ते ट्रू किंवा फॉल्समध्ये येतं, आणि त्यापुढे कुठल्या फाइलीतला कुठला मॅक्रो चालतो ते येतं. फॉल्स असलेल्या ओळींच्या शेवटी फाइलीचं नाव वाचा, तिथे पत्ता लागतो.

आता सफाई. क्रम मोडू नका.

1. एक्सेल पूर्ण बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल.ईएक्सई उरलं नाही याची खात्री करा.
2. %ॲपडेटा%\मायक्रोसॉफ्ट\एक्सेल उघडा. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा, म्हणजे फाइलीचं पूर्ण नाव दिसेल.
3. एक्सेल15.एक्सएलबी डिलीट करू नका. तिचं नाव बदलून एक्सेल15.जुनी असं काहीही ठेवा.
4. एक्सेल उघडा. मेनू स्वच्छ असला पाहिजे. नवी एक्सएलबी फाइल गरज पडेल तेव्हा एक्सेल स्वतः बनवतो.
5. संशयित वर्कबुक उघडा, बंद करा, एक्सेल बंद करा, पुन्हा उघडा. नोंद राहिली असेल तर मॅक्रो अजून तसाच आहे.

याच फोल्डरमध्ये एक्सएलस्टार्ट नावाचा फोल्डर असतो आणि त्यात पर्सनल.एक्सएलएसबी. घाईत अख्खा एक्सेल फोल्डर उडवू नका, वर्षानुवर्षांचे मॅक्रो त्यात असतात.

फाइलीला हात लावायची परवानगी नसेल तर इमिजिएट विंडोतून मेनू मूळ रूपात आणता येतो:

ॲप्लिकेशन.कमांडबार्स("सेल").रीसेट

पण याला दोन मर्यादा आहेत. सेल या नावाचे मेनू एक्सेलमध्ये दोन असतात, एक नेहमीच्या दृश्यासाठी आणि एक पेज ब्रेक प्रिव्ह्यूसाठी. वरची ओळ पहिलाच मेनू साफ करते. पेज ब्रेक प्रिव्ह्यूमध्ये नोंदी तशाच दिसल्या तर घाबरू नका, कमांडबार्समधून फिरून नाव सेल असलेला प्रत्येक बार रीसेट करावा लागतो. दुसरं, टेबलच्या आत उजवा क्लिक केला की येणारा मेनू वेगळा, त्याचं नाव लिस्ट रेंज पॉपअप. ओळींच्या आकड्यांवरचा रो, रकान्यांच्या अक्षरांवरचा कॉलम आणि शीटच्या टॅबवरचा प्लाय, ज्याचं स्पेलिंग पी-एल-वाय. जो बिघडला तोच रीसेट करा.

कायमचा उपाय मॅक्रोमध्ये आहे. तिथे तीन गोष्टी असाव्या लागतात. नोंद घालताना टेम्पररी:=ट्रू. नोंदीला स्वतःचा टॅग, म्हणजे टॅग या गुणधर्मात काही वेगळा शब्द. आणि नवी घालण्याआधी त्या टॅगच्या जुन्या नोंदी काढणं, तेही शेवटून सुरुवातीकडे, कारण पुढून काढत गेलं तर क्रमांक सरकतात आणि एकाआड एक नोंद तशीच राहते. नोंद काढण्याचं काम बऱ्याच मॅक्रोंमध्ये वर्कबुक_बिफोरक्लोजमध्ये लिहिलेलं असतं. हे टाळलेलं बरं. ते सेव्ह करायचं का या प्रश्नाच्या आधी चालतं, मग वापरकर्त्याने कॅन्सल दाबलं तर वर्कबुक उघडं राहतं आणि मेनूतली नोंद मात्र गेलेली असते. वर्कबुक_ॲक्टिव्हेटमध्ये घाला आणि वर्कबुक_डिॲक्टिव्हेटमध्ये काढा. मग ती नोंद फक्त त्याच वर्कबुकात काम करताना दिसते, दुसऱ्याच्या फाइलीत लुडबुड करत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना इथे एक जास्तीची गोष्ट माहीत हवी. मेनूत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर एक्सएलबी फाइल बिघडलेली नाही. व्हीबीए एडिटर युनिकोड पाळत नाही. कोडमध्ये थेट देवनागरी लिहिली की तिची प्रश्नचिन्हं होतात आणि तीच मेनूत उतरतात. नाव एखाद्या शीटच्या सेलमध्ये मराठीत लिहा आणि मॅक्रोने तिथून वाचावं. एखाद-दुसरं अक्षर असेल तर सीएचआरडब्ल्यू फंक्शन चालतं, उदाहरणार्थ म साठी 2350. रिबनवरच्या टॅबला ऑप्शन्समधून नाव देताना हा प्रश्न येत नाही, तिथे आवक-जावक किंवा पगारपत्रक सरळ देवनागरीत लिहा.

ॲड-इन्स नावाच्या टॅबवर उरलेली बटणंही एक्सएलबीतच असतात. एक-दोनच असतील तर त्यांच्यावर उजवा क्लिक करून डिलीट कस्टम कमांड निवडा.

रिबनवरचा टॅब टिकत नाही

आधी एक्सेल.ऑफिसयूआय फाइलीवर उजवा क्लिक, प्रॉपर्टीज, आणि रीड-ओन्लीवर खूण आहे का ते बघा. असेल तर आजचे बदल लिहिले जाणार नाहीत आणि दर वेळी जुनंच रूप येईल.

खूण नसेल तर फाइलीची तारीख बघा. बदल करून एक्सेल बंद केल्यावर तारीख आजची झाली आणि दुसऱ्या दिवशी फाइलच नाहीशी झाली, तर लॉग ऑफ होताना कोणीतरी लोकल फोल्डर साफ करतंय. रिमोट डेस्कटॉपवर किंवा सर्व्हरवर ठेवलेल्या रोमिंग प्रोफाइलवर काम करणाऱ्यांकडे हे हमखास होतं. रोमिंग प्रोफाइलमध्ये फक्त रोमिंग फोल्डर सर्व्हरवर जातो, लोकल जात नाही, आणि रिबनची फाइल लोकलमध्ये आहे. म्हणून उजव्या क्लिकचे बदल टिकतात पण टॅब जातो, हे कोडं पडतं. उपाय तुमच्या हातात नाही, सिस्टम ॲडमिनच्या हातात आहे. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ग्लोबल ऑप्शन्सखाली कस्टमाइझमध्ये, वापरकर्त्याचे सगळे बदल रोम होऊ द्यावेत अशी सेटिंग आहे. त्यांना तिचं इंग्रजी नाव सांगा: अलाउ रोमिंग ऑफ ऑल यूजर कस्टमायझेशन्स. तोवर रिबनची एक्सपोर्ट केलेली फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा इम्पोर्ट करा.

फाइल जागेवर आहे, तारीख ठीक आहे, तरी टॅब दिसत नाही? मग तिच्यातलं एक्सएमएल मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. कोणी हाताने बदल केला असेल तर नक्कीच बघा. फाइलीची कॉपी डेस्कटॉपवर घ्या, कॉपीचं एक्स्टेन्शन एक्सएमएल करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. मोडलेली असेल तर ब्राउझर कितव्या ओळीत चूक आहे ते सांगतो. नेहमीची चूक म्हणजे टॅबच्या नावात हाताने लिहिलेलं & हे चिन्ह. एक्सएमएलमध्ये ते तसं चालत नाही, त्याऐवजी सरळ ‘आणि’ हा शब्द लिहा. दुसरी चूक एन्कोडिंगची: मराठी नावं असलेली फाइल जुन्या नोटपॅडने एएनएसआयमध्ये साठवली की अक्षरं जातात. सेव्ह ॲजमध्ये खाली यूटीएफ-8 निवडा. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपणहूनच यूटीएफ-8 मध्ये साठवतो, त्याआधीच्या मशीनवर हाताने निवडावं लागतं. आणि साठवताना शेवटी टीएक्सटी लागलं नाही ना, तेही बघा.

बटण दाबलं की मागच्या वर्षीचं वर्कबुक उघडतं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ही तक्रार जोरात येते. 2024-25 च्या वर्कबुकमधल्या मॅक्रोचं बटण कोणीतरी वरच्या पट्टीत ठेवलेलं असतं. नव्या आर्थिक वर्षासाठी तेच वर्कबुक सेव्ह ॲज करून 2025-26 नावाने ठेवलं. आता बटण दाबलं की 2024-25 चं वर्कबुक आपोआप उघडतं आणि मॅक्रो त्यातला चालतो. काही वेळा नोंदीही जुन्याच फाइलीत जाऊन पडतात, आणि ते महिनाअखेरीला लक्षात येतं.

एक्सेल.ऑफिसयूआय नोटपॅडमध्ये उघडा आणि कंट्रोल एफ ने ऑनॲक्शन शोधा. त्या शब्दापुढे अवतरणात मॅक्रोचा पूर्ण पत्ता दिसेल, साधारण असा:

डी:\हिशेब\पगारपत्रक 2024-25.एक्सएलएसएम!पगार_काढा

एक्सेल बटणामागे मॅक्रोचं नुसतं नाव ठेवत नाही, फाइलीचा संपूर्ण पत्ता ठेवतो. ते वर्कबुक बंद असेल तर एक्सेल ते उघडून मॅक्रो चालवतो. यात बिघाड काहीच नाही, बटणाला जुनाच पत्ता माहीत आहे. एक-दोन बटणं असतील तर ऑप्शन्समध्ये जाऊन जुनं काढा आणि नव्या वर्कबुकमधला मॅक्रो घाला. बटणं जास्त असतील तर एक्सेल बंद करून फाइलीची कॉपी काढून ठेवा आणि नोटपॅडच्या रिप्लेसने जुना पत्ता नव्याने बदला. फक्त ऑनॲक्शनमधला पत्ता बदला. आयडीक्यू या गुणधर्मातही फाइलीचं नाव दिसतं, ते जसं आहे तसं राहू द्या.

दर वर्षी हे करण्यापेक्षा असे मॅक्रो पर्सनल.एक्सएलएसबीत किंवा ॲड-इनमध्ये ठेवावेत आणि त्यांनी समोरच्या, म्हणजे ॲक्टिव्ह वर्कबुकवर काम करावं. वर्कबुकशीच बांधलेलं बटण हवं असेल तर वर सांगितलेल्या ड्रॉपडाउनचा उपयोग करून ते वर्कबुकमध्येच साठवा. बटण ठेवण्याची एवढीच जागा चूक निवडली जाते आणि त्याचा त्रास मोठा होतो.

बटण दाबल्यावर मॅक्रो चालवता येत नाही असा संदेश आला आणि मॅक्रो पर्सनल.एक्सएलएसबीत असेल, तर डिसेबल्ड आयटम्स बघा. क्रॅशनंतर पर्सनल.एक्सएलएसबीही तिथे जाऊन पडते.

दुसऱ्या मशीनवर नेताना

फाइल > ऑप्शन्स > कस्टमाइझ रिबन, खाली इम्पोर्ट/एक्सपोर्ट, एक्सपोर्ट ऑल. एक्सपोर्टेडयूआय एक्स्टेन्शनची फाइल तयार होते. दुसऱ्या मशीनवर ती इम्पोर्ट करताना एक्सेल विचारतो की सध्याचे सगळे बदल बदलून टाकू का. हा प्रश्न नीट वाचा. इम्पोर्ट म्हणजे भर नाही, समोरच्याने स्वतः बनवलेला टॅब आणि पट्टीतली बटणं पुसली जातात. आधी त्याच्या मशीनवरून एक्सपोर्ट काढून ठेवा, मगच आपली टाका. रीसेट ऑल कस्टमायझेशन्सलाही हेच लागू, तिथे मागे फिरता येत नाही.

मॅक्रोची बटणं दुसऱ्या मशीनवर बहुधा चालत नाहीत, कारण पत्त्यात तुमचं यूजरनेम असतं. नेटवर्क ड्राइव्ह तुमच्याकडे झेड आणि त्यांच्याकडे वाय असेल तरी तेच. इम्पोर्ट करण्याआधी नोटपॅडमध्ये पत्ता बदलून घ्या. एक्सेलच्या स्वतःच्या आज्ञा मात्र आतल्या नावाने साठतात, भाषेवर अवलंबून नसतात. इंग्रजी ऑफिसमधली फाइल मराठी ऑफिसमध्येही चालते.

दोघांचे टॅब एकत्र करायचे असतील तर हाताने जोडता येतात. एका फाइलीतला टॅबचा पूर्ण तुकडा, सुरुवातीच्या खुणेपासून बंद होणाऱ्या खुणेपर्यंत, उचलून दुसऱ्या फाइलीच्या टॅब्स या भागात ठेवायचा. त्या तुकड्यात एक्स1 सारखे उपसर्ग असतील तर ते फाइलीच्या अगदी वरच्या ओळीत जाहीर केलेले असावे लागतात. नसतील तर ती जाहीर करणारी नोंदही मूळ फाइलीतून आणा, नाहीतर एक्सएमएल मोडेल. दोन टॅबचा आयडी एकच नको.

वर्ड आणि आउटलुक

वर्डचं रिबन आणि पट्टी वर्ड.ऑफिसयूआयमध्ये, त्याच लोकल फोल्डरात. कीबोर्ड शॉर्टकट, मॅक्रो आणि उजव्या क्लिकचे मॅक्रोने केलेले बदल मात्र नॉर्मल.डॉटएम या टेम्प्लेटमध्ये जातात, ती %ॲपडेटा%\मायक्रोसॉफ्ट\टेम्प्लेट्स इथे असते. वर्ड बंद करून तिचं नाव बदललं की वर्ड कोरी नवी बनवतो, पण त्याबरोबर तुमच्या स्टाइल्स आणि मॅक्रोही बाजूला पडतात. जुनी फाइल जपून ठेवा.

आउटलुकमध्ये मुख्य खिडकीत घातलेलं बटण नवं पत्र लिहिताना का दिसत नाही, हा प्रश्न कायम येतो. क्लासिक आउटलुकमध्ये प्रत्येक प्रकारच्या खिडकीची फाइल वेगळी असते: मुख्य खिडकीची ओएलकेएक्सप्लोरर, पत्र लिहिण्याची ओएलकेमेलआयटम, आलेलं पत्र वाचण्याची ओएलकेमेलरीड, सगळ्यांचं एक्स्टेन्शन ऑफिसयूआय. ज्या खिडकीत बटण हवं ती उघडून तिथूनच रिबन कस्टमाइझ करा. नवं आउटलुक या फाइली वापरत नाही, तिथे या फोल्डरमध्ये शोधून हाती काही लागणार नाही.

लिब्रेऑफिसमध्ये नवी आज्ञा दिसत नाही

लिब्रेऑफिसमध्ये मेनू एकदा जरी बदलला तरी पूर्ण मेनूची प्रत वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये साठते. पुढे आवृत्ती वाढवली आणि नव्या आवृत्तीत मेनूला नव्या आज्ञा आल्या, तरी तुम्हाला जुनीच प्रत दिसत राहते. इंटरनेटवर सांगितलेली आज्ञा माझ्याकडे नाहीच, ही तक्रार इथून येते. विंडोजवर प्रोफाइल %ॲपडेटा%\लिब्रेऑफिस\4\यूजर इथे असतं. आवृत्ती 24 असली तरी फोल्डरचा आकडा 4 च राहतो. त्यात कॉन्फिग, मग एसऑफिस.सीएफजी, मग मॉड्यूल्स. कॅल्कसाठी एसकॅल्क, रायटरसाठी एसरायटर. आत मेनूबार फोल्डरमध्ये मेनूबार.एक्सएमएल आणि टूलबार फोल्डरमध्ये प्रत्येक बदललेल्या पट्टीची एक फाइल.

लिब्रेऑफिस बंद करून फक्त मेनूबार.एक्सएमएल बाजूला काढा. मेनू नव्या आवृत्तीचा येतो, पट्ट्या आणि बाकी सेटिंग तशाच राहतात. हेल्पमधल्या रीस्टार्ट इन सेफ मोडमध्ये फॅक्टरी सेटिंगला नेण्याचा पर्याय आहे, पण तो मेनूबरोबर इतर सेटिंगही पुसतो, म्हणून एका मेनूसाठी तो वापरू नका. रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स.एक्ससीयू ही फाइल याच यूजर फोल्डरात दिसेल. तिच्यात बाकीच्या सेटिंग असतात, मेनूच्या तक्रारीसाठी तिला हात लावायचं कारण नाही. मेनूत आपण केलेले बदल नव्या मेनूवर पुन्हा करावे लागतील. बाजूला काढलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडी ठेवून बघत बघत केले की काही सुटत नाही.